बनाबाईचं आवतन

"बासरी बंद कर व पोरी. बुढी काय गाऊन राह्यली ते आयकू दे."

मंजुळाबाई भर सभेत उभी राहून हे बोलली, तेव्हा पडद्यावर तिची सासू गात होती. पडदा म्हणजे खरं तर मंजुळाबाईच्या नवऱ्याच्या, उत्तमरावाच्या घरची पांढरी चादर, समाजमंदिराच्या भिंतीवर खिळे ठोकून ताणलेली. त्या चादरीवर बनाबाई हळदीच्या मांडवात पाटाशेजारी बसली होती. पदर कानामागे खोचलेला, एक हात गुडघ्यावर ताल धरत होता आणि तोंड चाललं होतं. तिच्यामागे आमचं जुनं बेलसोडा दिसत होतं. धाब्याची घरं, कडुनिंब, नदीकडे उतरणारी वाट. आणि या सगळ्यावर एक बासरी वाजत होती. बासरी फार गोड होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. अर्धं गाव डोळे पुसत होतं, मीही पुसत होतो.

फिल्म समताची. समता आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. पुण्याला जाऊन फिल्मचं शिकली आणि धरणात गेलेल्या आपल्या गावावर तिनं अर्ध्या तासाची फिल्म केली. देशोधडीला लागलेल्या लोकांच्या फिल्मा जिथे दाखवतात, तिथे ती लागली. तिबेटच्या लोकांची एक, पॅलेस्टाईनच्या लोकांची एक आणि त्यांच्या पंगतीत बेलसोडा. पेपरात मथळा आला, 'विस्थापितांना मिळाला आवाज'. आम्हाला आवाज मिळाल्याचं आम्हाला असं पेपरातून कळलं. मग पोरगी स्वतःहून म्हणाली की गावाला दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि म्हणून आम्ही सगळे त्या संध्याकाळी सतरंजीवर बसलो होतो.

समतानं फिल्म थांबवली. बनाबाईचं तोंड उघडं राहिलं.

"काकू, मूळ आवाजच नाही ना त्यात. गुलाबकाकांनी दिली ती डीव्हीडी आहे. तिच्यावर पिक्चरचं गाणं होतं. ते काढलं तर चित्र मुकं झालं, म्हणून मी बासरी टाकली."

"पिक्चरचं गाणं?" मंजुळाबाई म्हणाली. "आवतनावर पिक्चरचं गाणं?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. गुलाबराव मागच्या भिंतीला टेकून उभा होता. आमच्या सगळ्यांच्या लग्नांत तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला. समोरचे सगळे एकदम आपल्याकडे बघताहेत ही वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तो खाली वाकून चपला शोधायला लागला.

गुलाबराव माझा वर्गमित्र, म्हणून मी त्याला गुलब्या म्हणतो. बाकी गाव आजही 'शूटिंगवाले गुलाबराव' म्हणतं, शूटिंग बंद होऊन जमाना झाला तरी. एके काळी त्याचा काय रुबाब होता! खांद्यावर हा एवढा कॅमेरा, शेजारी हॅलोजन धरून बायको जयमाला, आणि पुढे व्हायची हिंमत नवरदेवाच्या बापालाही नाही. गुलब्या 'पुन्हा' म्हणाला की पुन्हा. मंगळसूत्र दोनदा घातलेले नवरदेव आमच्या गावात आहेत, आणि त्यांचे संसार इतरांसारखेच चालले आहेत. पुढे धरण झालं, पूर्णामाय, आमची नदी, गावात शिरली, सरकारनं आम्हाला वरवट बकालच्या रस्त्याला मुरमाड माळावर आणून बसवलं. सरळ रेषेतले रस्ते, एका मापाचे प्लॉट. त्याच सुमारास प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि शूटिंगवाल्याची गरज संपली. गुलाबरावानं नव्या गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं. पासपोर्ट फोटो अजून काढतो, पण आता समोरच्याला हनुवटी वर करायला सांगतानाही त्याच्या आवाजात तो जोर नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात होतो, तेव्हा मंजुळाबाई आली. पायरी चढायच्या आधीच तिनं विचारलं.

"गुलाबभाऊ, कॅसेट कोठी हाय?"

"कोणती, वयनी?"

"आमच्या लग्नाची. वरून गाणं टाकल्याच्या आधीची."

गुलाबरावानं मशीनचं झाकण उगाच उघडलं आणि मिटलं. "ते नाही राह्यत वयनी. कच्च्या कॅसेटवर मी दुसरं लग्न काढो. सगळेच काढत. अन् मिक्सिंगवाला आधी आवाजच उडवून टाके. भांडेकुंडे, पोराइचा कलकलाट कोणाले पाह्यजे होता?"

"बुढीचं आवतन कलकलाट होता?"

"वयनी, हयदीवर कोणतं गाणं पाह्यजे ते उत्तमनंच सांगतलं होतं."

हे खरं होतं. माझ्या लग्नाला मीही सांगितलं होतं. अकोल्याला मिक्सिंगला कॅसेट जायची, त्याआधी आम्ही नवे नवरदेव चढाओढीनं गुलब्याच्या मागे लागायचो. हळदीला अमुक गाणं टाक, वरातीला तमुक टाक, आणि नवरी सासरी निघाली की ते सगळ्यांचं ठरलेलं रडायचं टाक. कॅसेट आली की गाव जमून बघायचं. बनाबाई स्वतः बघायची. तिच्या तोंडातून बाईचा बारीक, शहरी आवाज येताना पाहून तिला इतकं हसू यायचं की ती पदर तोंडात कोंबायची. आम्हीही हसायचो. तेव्हा बनाबाई जिवंत होती, गाव जागेवर होतं, त्यामुळे तिचा आवाज वेगळा सांभाळून ठेवायचा असतो असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आवतन म्हणजे काय ते इथे सांगायला पाहिजे. बेलसोड्यात पोराला किंवा पोरीला हळद लागायच्या आधी गावातल्या सगळ्या देवांना नाव घेऊन बोलावतात. नुसत्या मारोतीला नाही. नदीच्या डोहातल्या आसरा, पिंपळावरचा मुंजा, शिवेवरचा म्हसोबा, चिंचेखालचा पीर, बारव, खळं, आणि गावात अर्ध्या वयात गेलेली माणसंसुद्धा. नावं घेणारी बाई एकच. ती प्रत्येकाला त्याच्या घरच्या वाटेसकट हाक मारते, आणि प्रत्येक हाकेनंतर बाकीच्या बाया मिळून म्हणतात, "या हो या, हयदीले या." नावं घ्यायचा मान बनाबाईच्या घराकडे होता, सासूकडून सुनेकडे जायचा.

याला नियम दोन. एकाही देवाला वगळायचं नाही. वगळलेला दारात रुसून बसतो आणि त्याचा राग संसाराला लागतो. आणि दुसरा नियम असा, की खरी हळद असल्याशिवाय आवतन तोंडातून काढायचं नाही. देवांना जेवायला बोलावून चूल थंड ठेवली तर ती चेष्टा होते. त्यामुळे आवतन कुणी कुणाला शिकवत नसे, सराव करत नसे. सून सासूजवळ बसायची आणि लग्नामागून लग्न ऐकत राहायची. सासू गेल्यावर पहिल्या हळदीला ते आपोआप तिच्या तोंडून निघायचं, असा आजवरचा अनुभव.

बनाबाई गाव उठलं त्याच वर्षी गेली, पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये. त्यानंतर नव्या गावात लग्नं झाली, पण मंजुळाबाईला कुणी बोलावलं नाही. देव तिकडे पाण्यात, हाका मारायच्या कुणाला? बाया ओशाळून एकमेकींकडे बघायच्या आणि डीजे सुरू व्हायचा. ऐकलेलं होतं, ते न वापरता पडून राहिलं आणि गेलं.

"आता माह्या करिष्माची हयद हाय," मंजुळाबाई म्हणाली. "बुढीची नात हाय ते. तिले मी आवतनाबिगर पाटावर नाही बसवनार. अन् मले फक्त 'या हो या' येते, गुलाबभाऊ. मांगचं येते, पुढचं नाही येत."

एवढं बोलून ती रडायला लागली. गुलाबराव काउंटरच्या आत उभा, मी बाहेर उभा.

कल्पना समताची. ती म्हणाली, आवाज नाही तर नाही, ओठ तर आहेत. चित्र मोठं करून, हळू चालवून बघू. नाहीतरी मूकबधिर लोक ओठांवरूनच समजतात.

रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. म्हाताऱ्या बाया पुढे बसल्या. मध्ये भिमाबाई, आज गावात सगळ्यांत मोठी तीच. बासरी काढलेली होती. चादरीवर बनाबाई मुकी, संथ, पाण्यातल्यासारखी तोंड हलवत होती, आणि सगळ्या बाया नकळत तिच्याबरोबर तोंड हलवत होत्या.

"मारोती!" भिमाबाई ओरडली. "पयला मारोती. पाहा, ओठ मियले."

बाया खूश झाल्या. समतानं पुन्हा दाखवलं. ओठ मिळाले होते हे खरं.

"मंग मुंजा काऊन नाही?" दुसरी म्हणाली. "मुंज्यालेही ओठ मियतेत. म्हसोबालेही मियतेत."

तिथून जी सुरुवात झाली ती विचारू नका. आधी बाया भांडल्या, मग दाराशी उभे असलेले पुरुष आत आले आणि तेही भांडले. पिंपळ आधी येतो की चिंच? पिंपळ शाळेच्या अलीकडे की पलीकडे? खालच्या आळीतले म्हणत आवतन नदीपासून निघायचं, वरच्या आळीतले म्हणत मारोतीपासून. मी म्हणालो, माझ्या गिरणीवरून आसराची वाट जायची. तर उत्तमराव म्हणाला, "तुही गिरणी तथी होतीच कोठी बे?" मी त्या गिरणीत पंचवीस वर्षं दळण दळलं होतं. पण त्यानं असं ठासून म्हटल्यावर क्षणभर मलाच शंका आली, आणि त्या शंकेची मला भीती वाटली.

त्यात गुलब्याचा कॅमेरा. बनाबाई जरा रंगात आली की कॅमेरा तिला सोडून हळदीच्या ताटावर, तिथून कुणाच्या तरी बांगड्यांवर, तिथून नाचणाऱ्या पोरावर. बाया कळवळून ओरडायच्या, "आता कोठी गेला व हा!" जयमाला नवऱ्याच्या वतीनं म्हणाली, "तवा सगळ्याइले आपापले दागिने पाह्यजे होते न, बाई." कॅमेरा परत बनाबाईवर यायचा तोवर तिची दोन-तीन नावं होऊन गेलेली असायची.

समता इतका वेळ चित्र मागेपुढे करत होती. मध्येच तिनं विचारलं, "आमच्या वस्तीतलं कुणी होतं का आवतनात?"

भिमाबाईनं आठवल्यासारखं केलं. आमच्या गावानं पिराला बोलावलं, बारवेला बोलावलं. समताच्या वस्तीतल्या कुणाला बोलावलं की नाही, मला खरोखर माहीत नाही. नसावं, असं मला वाटतं. समतानं उत्तराची वाट पाहिली, आणि मग पुढचं चित्र लावलं.

अंधार पडेपर्यंत चार-पाच नावं पक्की झाली, तीही मागेपुढे.

"एवढेच घेते मी," मंजुळाबाई म्हणाली. "जे सापडले त्याइले तर बलावते."

"नोको," भिमाबाई म्हणाली. "चौघाइले आत घेशीन अन् बाकीचे दारात उभे राह्यतीन. पोरीचा संसार हाय माय. सगळे, नाहीतर कोणीच नाही."

यानंतर गुलाबरावाचं दुकान बंद दिसायला लागलं. मी घरी गेलो तर तो खोलीत पसारा मांडून बसलेला. खोकी, ट्रंका, जुन्या पिशव्या. गाव उठताना लोकांनी भांडी आणली, दारं-चौकटी आणल्या, यानं कॅसेटी आणल्या होत्या. एकेक काढून बघत होता आणि बाजूला टाकत होता.

"सगळ्याइवर गाणे हायेत बे," तो मला म्हणाला. "पुऱ्या गावाच्या तोंडात मी दुसऱ्याचे गाणे कोंबले."

मी म्हणालो, "आम्हीच सांगितलं होतं."

"तुमाले काय समजत होतं? मशीन माह्या हातात होती."

कॅसेट शेवटी जयमालाला सापडली, गाद्यांच्या ट्रंकेत तळाशी. एका मोडलेल्या लग्नाची होती. पोराला हळद लागली आणि दुसऱ्या दिवशी मुलीकडच्यांनी लग्न मोडलं. अशी कॅसेट कोण मागणार? ती मिक्सिंगला गेलीच नाही. आणि तिच्यावर दुसऱ्याचं लग्न काढणं अपशकुनी म्हणून गुलाबरावानं पुसलीही नव्हती. लग्न मोडलं तरी हळद झाली होती, म्हणजे आवतन झालं होतं. आणि कॅसेटवरचा आवाज मूळ होता.

मंजुळाबाईला सांगायला तो चालत नाही, पळत गेला. या वयात त्याला पळताना बघून पोरं हसली.

खामगावला एकाकडे जुना व्हीसीआर चालू स्थितीत होता. समताच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. मंजुळाबाई रस्ताभर नुसता पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. दुकानदारानं कॅसेट उघडली, बुरशी पुसली, पट्टी दोन ठिकाणी चिकटवली आणि लावली.

आधी नुसत्या रेघा. मग मांडव. आणि मग आवाज आला.

काय सांगू तुम्हाला! भांडी आपटत होती, पोरं रडत होती, कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी कुणाला तरी 'पानी आन व' म्हणून ओरडत होतं. आणि मागे लांबवर पुक पुक पुक पुक, माझ्या गिरणीचं इंजिन. मी गुलाबरावाचा दंड धरला. गिरणी होती! माझी गिरणी तिथेच होती. मला उत्तमरावाला फोन लावावासा वाटला. पण तेवढ्यात बनाबाईचा आवाज आला आणि आम्ही सगळे पुढे सरकलो.

"आसरामाय व, वल्ल्या लुगड्यानं ये, लेकरं संगं घेऊन ये, वाळूच्या वाटे..."

आणि चित्र तुटलं. दुसरं सुरू झालं, बाया डुलत होत्या, "या हो या, हयदीले या." पुन्हा तुटलं. हळदीचं ताट. "...चिचेखालच्या बाबा, हिरवी चादर..." तुटलं. बाया. "या हो या." तुटलं. बांगड्या. "या हो या." आणि मग अगदी जवळून, तरण्या आवाजात खुद्द गुलाबराव बोलला, "बनामावशी, अथी पाहा, कॅमेऱ्याकडं!" बनाबाई नाव अर्ध्यात सोडून कॅमेऱ्याकडे बघायला लागली आणि हसली. पुढचे दोन दात पडलेले, तसंच हसली. तिच्यामागे बाया गोंधळून थांबल्या.

"मी तुकड्या-तुकड्यानं काढत होतो," गुलाबराव पडद्याकडे बघतच म्हणाला. "मले वाटे, वरून गाणं येनारच हाय. चेहरा आला का बस. कॅसेट वाचवत होतो मी."

कॅसेट संपेपर्यंत आम्ही बघितली. 'या हो या' पुष्कळ होतं. सगळ्या बाया एकदम गातात तेव्हा चित्र छान दिसतं, म्हणून गुलब्यानं तेच भरपूर घेतलं होतं. नावं तुटक होती. बहुतेक नव्हतीच.

"हसली ते एकदा लावा," मंजुळाबाई म्हणाली.

दुकानदारानं लावलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "बस आता."

बाहेर आल्यावर गुलाबराव रस्त्यातच उभा राहिला. "वयनी, मले शिव्या तरी द्या."

"तुमाले देऊन काय व्हते? बुढी वापस येते का?" मंजुळाबाईचा आवाज चढला. मग लगेच उतरला. "तुमी एकटे नोयते. सगळ्याइले गाणंच पाह्यजे होतं."

गाडीत समता म्हणाली की ती फिल्ममधून बासरी काढून टाकणार आहे.

"मंग काय ठेवशीन?" मंजुळाबाईनं विचारलं.

"काहीच नाही. मुकंच."

"मंग लोक काय आयकतीन व?"

समतानं गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं. विस्थापितांचा आवाज म्हणून तिच्या फिल्मचं एवढं कौतुक झालं, आणि आता तिचं तोंड बघवत नव्हतं. तिची यात काय चूक? तिनं जे मिळालं त्याच्यातून केलं.

तुळशीचं लग्न झालं आणि करिष्माची हळद आली. उत्तमरावाच्या घरासमोर मांडव घातला. खुर्च्या, पंखे, रस्त्याच्या कडेला डीजेची गाडी. गुलाबराव सकाळीच येऊन बसला होता. कुणाचा तरी कॅमेरा मागून आणलेला, आणि त्याच्या शेजारी जयमाला. आजकाल कॅमेऱ्याला वेगळा लाइट लागत नाही, तरी ती हातात लाइट घेऊन उभी राहिली. समतानं पाटाजवळ माइक ठेवला. सगळ्यांना वाटत होतं की मंजुळाबाई काहीतरी करेल, आणि काय करेल ते कुणाला माहीत नव्हतं. मला तर वाटत होतं ती आत जाऊन कडी लावून बसेल.

करिष्मा पाटावर बसली. हळदीची वाटी आली. बाया गोल करून बसल्या आणि नेहमीप्रमाणे ओशाळून एकमेकींकडे बघायला लागल्या.

मंजुळाबाई पाटाशेजारी बनाबाई बसायची त्या बाजूला बसली. पदर कानामागे खोचला. भिमाबाई तिच्याकडे वाकून हळूच म्हणाली, "नावं?"

"नाही येत," मंजुळाबाई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मग तिनं गुडघ्यावर ताल धरला. थोडा वेळ नुसता हात चालला. आणि तिनं म्हटलं, "या हो या, हयदीले या."

एकटीच म्हणाली. बाया थबकल्या. तिचा हात थांबला नव्हता. तोंड मिटलेलं होतं आणि हात चालू होता. जेवढा वेळ एक हाक मारायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि भिमाबाईच्या तोंडातून निघालं, "या हो या." तिच्याबरोबर चौघी-पाचजणी म्हणाल्या. पुन्हा सगळ्या गप्प. मांडवातला पंखा घरघरत होता. मग पुन्हा सगळ्या एकदम, "या हो या, हयदीले या."

मला कळायला वेळ लागला. त्या नावाची जागा सोडत होत्या. जन्मभर बनाबाईची हाक संपायची वाट बघून मगच त्यांनी तोंड उघडलं होतं, आणि ती वाट बघणं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. नाव एकीलाही येत नव्हतं, पण कोणतं नाव लहान आणि कोणतं लांब ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक जागा फार लांब होती. ट्रक आला, घरासमोरून गेला, त्याचा आवाज विरला, तरी बाया थांबून होत्या. आसरा, मी मनात म्हटलं. ओल्या लुगड्यानं, लेकरं घेऊन येताहेत म्हणून वेळ लागतोय. करिष्मा पाटावर मान खाली घालून बसली होती. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी मोबाइल खाली घेऊन उभ्या होत्या.

गुलाबरावानं कॅमेरा मंजुळाबाईवरून हलवला नाही. त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. मग एका 'या हो या'नंतर सगळ्या जणी एकदम थांबल्या. कुणी खूण केली नाही, तरी आवतन कुठे संपतं ते सगळ्यांना कळलं. मंजुळाबाईचा हात गुडघ्यावर स्थिर झाला.

"झालं?" भिमाबाईनं विचारलं.

"झालं."

"कोणकोण आलं व माय?"

मंजुळाबाईनं मांडवाच्या दाराकडे पाहिलं. दारात डीजेवाला उभा होता, आता लावू का, असं हातानं विचारत.